कॉलेजातल्या पोरांच्या पिण्यातला धोका कमी करायचा तर काय करायचं, आणि कुठल्या क्रमानं

बेळगावात काय, खानापूर-निपाणी-चिकोडीकडं काय, कॉलेजात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम म्हटलं की सगळं ठरलेलं असतंय. बॅनर, पाहुणे, तासभर भाषण, हात पुढं करून शपथ, फोटो, चहा-बिस्कीट. आणि त्याच शनिवारी शपथ घेतलेलीच चार पोरं दोन गाड्यांवर चोर्ला घाटानं गोव्याच्या वाटेला. नुसत्या भाषणानं माहिती वाढते, पिणं कमी होत नाही, हे देशोदेशीच्या कॉलेजांत तपासून झालंय, तरी आपण दरवर्षी तिथनंच सुरू करतोय.

हे लिहितोय ते एनएसएसची पोरं, हॉस्टेलचे रेक्टर, क्लास मेंटॉर आणि रूम घेऊन राहणाऱ्यांतले सीनियर यांच्यासाठी. "कुणीच कधी दारूला शिवू नये" असं ध्येय ठेवलंत की पिणारी पोरं पहिल्याच दिवशी तुमच्याशी खरं बोलायची बंद होतात, मग तुम्ही फक्त न पिणाऱ्यांनाच न पिण्याचे फायदे सांगत बसता. त्यापेक्षा ध्येय असं धरा: या सेमिस्टरला कुणी पिऊन गाडी चालवणार नाही, पिऊन पडलेल्याला कुणी एकट्याला खोलीत टाकणार नाही, एका बैठकीला जे ढोसलं जातंय ते निम्म्यावर येईल, आणि जो पीत नाही त्याला कुणी ओढणार नाही. आधी जीव, मग माप, मग समजावणं. हा क्रम बदलू नका.

आपल्या भागाची एक भानगड सुरुवातीलाच सांगतो. कर्नाटकात २१ च्या खालच्याला दारू विकायची नाही असा नियम आहे, महाराष्ट्रात विस्की-रमसाठी २५, आणि गोव्यात १८. म्हणजे सेकंड इयरचं पोरगं टिळकवाडीतल्या दुकानात गिऱ्हाईकच नाही, घाट उतरला की लगेच गिऱ्हाईक. त्यामुळं पुष्कळांची पहिली मोठी पिणावळ अनोळखी गावात होते, स्वस्त मिळतंय म्हणून जास्त होते, आणि परतीचा रस्ता वळणावळणाचा. तुमचा प्लॅन कॉलेजच्या गेटपाशी संपत असेल तर तो अर्धाच आहे.

टप्पा १ : चार माणसं आणि एक लेखी कबुली

सुरुवातीला चार-पाच जणच घ्या, समिती नको. त्यात निदान एक पिणारा पाहिजे, एक कधीच न पिणारा पाहिजे, एक मुलगी पाहिजे, आणि एक असे सर किंवा मॅडम ज्यांना रात्री दोनला फोन केला तर ते पहिलं वाक्य "कुठं आहात?" असं म्हणतील, "तुम्हाला सांगितलं होतं ना" असं नाही. अशी माणसं प्रत्येक कॉलेजात एखाद-दुसरीच असतात आणि पोरांना ती बरोब्बर माहीत असतात, त्यांनाच विचारा.

मग रेक्टर किंवा प्रिन्सिपलकडनं एक गोष्ट कागदावर घ्यायची: कुणाची तब्येत बिघडली म्हणून ज्यानं मदतीला फोन केला त्याच्यावर, आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावर, त्या रात्रीच्या पिण्याबद्दल कारवाई होणार नाही. मारामारी, छेडछाड, तोडफोड यांना ही सूट नाही, तेही त्याच कागदावर लिहा. हे मिळवायला वेळ जाईल, रेक्टर म्हणतील म्हणजे आम्ही पिण्याला परवानगीच दिली की. त्यांना एवढंच विचारा, की हॉस्टेलमधनं काढतील या भीतीनं पोरांनी दार आतनं लावून घेतलं आणि सकाळी आतलं पोरगं उठलंच नाही, तर मग कुणाची जबाबदारी?

तपासा: हा कागद नोटीस बोर्डावर लागला का? फाईलमधे ठेवलेल्या कागदाचा कुणाला उपयोग नाही.

टप्पा २ : नाव न घेता विचारणं

किती पितात हे माहीत नसताना कार्यक्रम करू नका. वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या, आणि फक्त आकडे लिहायला सांगा म्हणजे अक्षर ओळखायची भानगड नाही. गुगल फॉर्म केलात तर ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद आहे का ते दोनदा बघा, ते चालू राहिलं आणि एकाच्या लक्षात आलं की सगळा वर्ग "मी पीत नाही" लिहून मोकळा होतो.

प्रश्न चारच. पहिले तीन जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट नावाच्या प्रश्नावलीतले: किती वेळा पिता, पिता तेव्हा साधारण किती, आणि एका बैठकीत ६ किंवा जास्त ड्रिंक असं किती वेळा होतं. इथं एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधारण ३० एमएलचा एक स्मॉल, हे चिठ्ठीवरच छापा. चौथा प्रश्न आपला: तुमच्या वर्गातली किती टक्के पोरं दर आठवड्याला पितात असं वाटतं?

या चौथ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी खऱ्यापेक्षा फुगलेलं येतं. पिणारे आवाज करतात, स्टेटस टाकतात, न पिणारा आपला गप रूमवर मॅगी करून खात असतो, तो कुणाला दिसत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं सगळेच पितात. तुमच्याच वर्गाचा खरा आकडा आणि वाटलेला आकडा शेजारी-शेजारी लावून दाखवा, हा एक तक्ता पाहुण्यांच्या भाषणापेक्षा जास्त काम करतो.

सावधान: "सरासरी इतकी आहे" असं मोघम सांगू नका. सरासरीपेक्षा कमी पिणाऱ्याला वाटतं आपल्याला अजून वाव आहे, आणि तो वर सरकतो. "बहुतेकजण दर आठवड्याला पीत नाहीत" असं सांगा, अर्थात तुमच्या चिठ्ठ्यांतनं तसं आलं असेल तरच. आकडा खोटा करून सांगितलात तर पोरांना कळतंच.

टप्पा ३ : माप हातात देणं

हा टप्पा लोक गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. पोरांना "क्वार्टर", "नाइंटी", "एक स्ट्राँग" ही भाषा येते, त्यात अल्कोहोल किती ते येत नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमधनं १०० एमएलचा मेजरिंग सिलिंडर मागून आणा, रिकाम्या बाटलीत पाण्यात थोडा कोरा चहा घालून भरा, आणि रूमवर वापरतात तसलेच ग्लास आणा, स्टीलचे, कागदाचे, प्लास्टिकचे. एकेकाला बोलवून म्हणायचं, एक स्मॉल ओत बघू. मग ते सिलिंडरमधे ओतून सगळ्यांसमोर वाचायचं. बहुतेकांचा हात ३० वर थांबत नाही, आणि रुंद बुडाचा कागदी कप असला की अंदाज आणखी चुकतो. पोरं हसतात, हसू द्या, पण आकडा फळ्यावर लिहा.

त्याच्या शेजारी हे मांडा:

विस्की-रमचा ३० एमएल स्मॉल: १० ग्रॅम.
९० एमएलचं टेट्रापॅक: ३० ग्रॅम, म्हणजे तीन स्मॉल.
१८० ची क्वार्टर: ६० ग्रॅमच्या थोडं वर, सहा स्मॉल.
६५० एमएलची साधी बिअर, ५ टक्केवाली: साधारण अडीच स्मॉल.
तीच बाटली स्ट्राँग, ८ टक्केवाली: चार स्मॉल.

"मी फक्त बिअर पितो" म्हणणाऱ्याचा चेहरा शेवटच्या ओळीला बघण्यासारखा असतो. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा वर गेलं की त्याला धोक्याचं पिणं धरते, म्हणजे आपली नेहमीची एक क्वार्टर. उन्हाळ्यात गोव्याकडचा उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, येतो तो लिम्का घालून सरबतासारखा लागतो, आणि सुट्ट्या बाटलीवर टक्केवारी लिहिलेली नसते, त्यामुळं तिथं मोजायचंच राहून जातं. जे मोजता येत नाही ते दोन ग्लासांवर थांबवा, एवढाच नियम.

आता वेळेचं गणित. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळतं, म्हणजे तासाला एक स्मॉल, तेही जेमतेम. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, उलटी, यातल्या कशानंही हा वेग वाढत नाही. रात्री एकला क्वार्टर संपवली तर ती पूर्ण उतरायला सहा ते नऊ तास लागतात, म्हणजे सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला गाडी काढणारा अजून प्यायलेलाच असू शकतो, त्याला ते वाटत नसलं तरी. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळं तेवढंच प्यायलं तरी रक्तातला आकडा जास्त चढतो. "ती पण माझ्याएवढीच पिऊ शकते" ही पैज लावायचीच नाही.

तपासा: बाहेर पडताना कुठल्याही पोराला विचारा, स्ट्राँगच्या एका बाटलीत किती स्मॉल? उत्तर आलं नाही तर हा टप्पा परत घ्या.

टप्पा ४ : त्या रात्रीची आखणी, पहिला ग्लास भरायच्या आधी

प्यायल्यावर घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो. म्हणून सगळं दुपारीच ठरवायचं.

चाव्या. जिथं बसणार तिथल्या एका न पिणाऱ्याकडं सगळ्या गाड्यांच्या चाव्या, पहिल्या ग्लासाआधी, आणि सकाळपर्यंत परत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणं १०० एमएल रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. साठ-पासष्ट किलोच्या पोराला दोन स्मॉलमधेच ही रेघ ओलांडता येते, स्ट्राँगची एक बाटली तर तिप्पट वर नेते. "थोडीच घेतलीय, मी चालवतो" याला काही अर्थ नाही. आणि खेड्याकडच्या पोरांचा खरा प्रश्न वेगळाच असतो, शेवटची बस गेली की बाईकशिवाय घर गाठता येत नाही. म्हणून मुक्कामाची जागा आधी ठरवा, घरी आधीच सांगा की आज रूमवर थांबतोय. झोपायची सोय नसेल तर बैठक नाही.

जेवण. चखणा म्हणजे जेवण नव्हे. खारे शेंगदाणे आणि शेव यांनी तहान वाढते आणि ग्लास लवकर रिकामा होतो. आपल्याकडं रस्सा-भात बैठक झाल्यावर रात्री बाराला वाढायची पद्धत आहे, ती उलटी करा, आधी पोटभर जेवायचं. भरल्या पोटी दारू रक्तात हळू चढते. आणि खरं सांगायचं तर आधी जेवलेला माणूस पितोही कमी.

कॉन्ट्री, म्हणजे बैठकीची वर्गणी. सगळ्यांचे सारखे पैसे काढले की न पिणारा वैतागतो आणि पिणारा वसूल करायला बसतो. दारूची कॉन्ट्री वेगळी, जेवणाची वेगळी. माणशी किती लागणार ते मोजून तेवढंच आणायचं, जास्तीची बाटली "असू दे" म्हणून आणली की ती संपतेच. गोव्यातनं परमिटशिवाय भरून आणणं हा गुन्हा आहे, बॅगेत पोलिसांना सापडली तर पोराचं वर्ष जाईल, हेही स्पष्ट सांगा.

वेग. तासाला एकाच्या वर नाही, प्रत्येक ग्लासानंतर एक ग्लास पाणी, आणि दुसऱ्याचा ग्लास त्याला न विचारता भरायचा नाही. शेवटचा नियम क्षुल्लक वाटतो पण बघा, ग्लास कायम अर्धा भरलेला राहिला की आपण किती प्यालो हे मोजताच येत नाही. एनर्जी ड्रिंक मिसळू नका, त्यानं झोप उडते, नशा उतरत नाही, आणि पोरगं शुद्धीत वाटतं म्हणून आणखी ओततं. झोपेची गोळी किंवा खोकल्याचं औषध घेतलेल्यानं त्या दिवशी अजिबात नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

न पिणाऱ्याच्या हातात कोकम सोडा असू दे. हातात ग्लास असला की निम्मे प्रश्न तिथंच थांबतात.

सावधान: आंबोली, चोर्ला, जांबोटीकडं पावसाळ्यात जाताय तर धबधब्याजवळ, डोहात किंवा कड्यावर जायचं असेल त्या दिवशी दारू शून्य. आणि चोर्ल्याच्या जंगलात रेंज जाते, तिथं तुमचा कुठलाच नंबर चालणार नाही.

टप्पा ५ : पोरगं पडलं तर

याची रंगीत तालीम करा, नुसतं वाचून दाखवू नका. एकाला जमिनीवर झोपवा आणि बाकीच्यांना करायला लावा.

आधी हाक मारा, खांदा जोरात हलवा, चिमटा काढा. जागाच होत नसेल तर तेवढ्यावरच १०८ लावा, आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावून छातीकडं बघा. मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत १० सेकंदांचं अंतर, ओठ-नखं निळसर, अंग गार, बेशुद्धीतच उलटी, फिट, यातलं एक जरी दिसलं तर लगेच १०८. सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नाही. १०८ कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडं चालतं, ११२ सुद्धा.

गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढं, हात गालाखाली, तोंड थोडं जमिनीकडं म्हणजे उलटी बाहेर पडेल. पाठीमागं भरलेली सॅक लावा, नाहीतर तो परत उताणा होतो. एकजण शेवटपर्यंत शेजारी बसून श्वास मोजत राहणार. श्वासच थांबला तर १०८ वरचा माणूस फोनवर सांगेल तसं छाती दाबायला लगेच सुरुवात करा.

जे करतात आणि करू नये ते: तोंडात बोट घालून उलटी काढणं, मिठाचं पाणी पाजणं, बाथरूममधे नेऊन थंड पाणी ओतणं, कॉफी पाजणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "झोपू दे, सकाळी उतरेल". पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच असते, पुढचा तासभर तब्येत आणखी बिघडू शकते. शुद्ध नसलेल्याला एकटं सोडायचं नाही.

डॉक्टरांना खरं सांगा: काय प्यालं, किती, किती वाजता, सोबत गोळी किंवा गांजा होता का. गावठी किंवा सुट्टी दारू असेल आणि दुसऱ्या दिवशी धूसर दिसतंय, पोटात कळा येताहेत, असं झालं तर मिथेनॉलची शंका घेऊन सरळ सरकारी हॉस्पिटल गाठा, त्यात डोळे जातात आणि जीवही जातो.

मुलगी पडली असेल तर तिच्याजवळ थांबणारी मुलगीच असू दे, फोटो-व्हिडिओ काढणाऱ्याचा मोबाईल आधी खाली ठेवायला लावा. प्यायलेल्या माणसाचं हो हे हो नसतं, हे या तालमीतच सांगून टाका, वेगळं लेक्चर नको.

टप्पा ६ : एकट्याशी बोलणं

चिठ्ठ्या, सिलिंडर, तालीम झाली की दोन-तीन पोरं आपणहून येतात, किंवा कुणाबद्दल तुम्हालाच काळजी वाटते. बोलायचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. प्यायलेलं असताना नाही, हँगओव्हरमधे नाही, चारचौघांत तर नाहीच. साधारण असं:

"शनिवारचं काय आठवतंय काय गा?"

"थोडं थोडं. संत्या म्हणाला मी जिन्यातच झोपलो होतो."

"मग?"

"लाज वाटली की. खरं सगळेच पितात नव्हं."

"सगळ्यांचं राहू दे. कमी करावं असं तुला किती वाटतं, शून्य ते दहात सांग."

"चार."

"चार? एक का नाही म्हणालास?"

"...आईला कळलं तर काय, असं येतं मनात. इंटर्नल पण गेलीय एक."

इथं सगळी मेख आहे. "दहा का नाही?" विचारलंत तर तो पिण्याची बाजू मांडायला लागेल. "एक का नाही?" विचारलं की कमी करायची कारणं त्याच्याच तोंडून येतात. मग गप बसा, ती कारणं त्याला परत म्हणून दाखवा, आणि विचारा की पुढच्या शनिवारी नेमकं काय बदलशील. "कमी करीन" हे उत्तर घेऊ नका. "दोनवर थांबीन, आणि साडेनवाला जेवीन" हे घ्या.

नेहमीच्या चुका: घरी सांगण्याची धमकी, काकाचं लिव्हर कसं गेलं त्याची गोष्ट, आणि पंधरा मिनिटांत पाच सल्ले.

टप्पा ७ : आपल्या हाताबाहेर कधी

सकाळी प्यायल्याशिवाय हात थरथरतो, घाम येतो, दोन दिवस नाही घेतली की झोप उडते, असं कुणी सांगितलं तर त्याला "आजपासून बंद कर" हे अजिबात म्हणू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भास-भ्रम सुरू होऊ शकतात, ते जिवावर बेततं. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. बेळगावात बिम्सचं जिल्हा हॉस्पिटल आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हे टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, आणि भाषा निवडता येते. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

पहिल्या वेळेला सोबत जा. पत्ता लिहून देऊन पोरगं एकटं जात नाही, आणि कन्नडमधनं केसपेपर काढायचा म्हटल्यावर मराठी शाळेतनं आलेलं पोरगं दारातनं परत येतं.

सावधान: "न सांगता दारू सोडवा" अशा भिंतीवरच्या जाहिरातींचं औषध घरचे भाजीत घालतात. डायसल्फिराम नावाच्या गोळीवर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, ती पिणाऱ्याला सांगूनच आणि डॉक्टरांनीच द्यायची असते. पालक भेटले तर हे त्यांना नक्की सांगा.

टप्पा ८ : तारखा आणि परत मोजणी

वर्षभर रोज काम करायची गरज नाही. गणपती विसर्जन, गटारी, ३१ डिसेंबर, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, फेअरवेल, आणि परीक्षा संपते ती रात्र, एवढ्या तारखा धरा आणि प्रत्येकीच्या दोन आठवडे आधी टप्पा ३ ते ५ उरकून घ्या. ३१ तारखेला बेळगावच्या कँपात ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायला गर्दी असते, त्यातनं पुढं गाड्या हायवेला निघतात, तेव्हा चाव्या गोळा करायची वेळ संध्याकाळी सहाची ठेवा, अकराची नको.

सेमिस्टर संपताना त्याच चार प्रश्नांच्या चिठ्ठ्या परत घ्या. सोबत दोन गोष्टी मोजा: किती वेळा मदतीचा फोन आला, आणि किती चाव्या रात्रभर न पिणाऱ्याकडं राहिल्या. फोन वाढले म्हणून घाबरू नका, पोरं आता लपवत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. पिणं कमी झालं नसेल आणि चाव्या वाढल्या असतील तरी काम चाललंय, पुढच्या सेमिस्टरला टप्पा ३ परत घ्या. चाव्या वाढल्या नसतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेवढंच करा.

आणि फायनलची पोरं जायच्या आधी सगळे नंबर सेकंड इयरवाल्यांच्या मोबाईलमधे सेव्ह करून, एकेक लावून बघायला लावा. सर बदलून गेलेले असतात आणि नंबर तोच भिंतीवर राहतो.